आयुधपूजेची चूक

के. आर. पुरमच्या बसथांब्यावर हंबीरराव पत्नी सोयराबाईंचा कंपवाताने थरथरता हात धरून बसले होते. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

"अक्का, आयुधपूजेला लॅबमधल्या मशीनांना हार घालायच्या गडबडीत मी पेप्टाइड, प्रथिनाचा तुकडा गं, पेशींच्या भलत्याच बशीत टाकलं."

"अय्यो अक्षरा! पेशी मेल्या?"

"मरणारच होत्या. मेंदूच्या पेशी, कंपवातात मरतात त्याच, मुद्दाम विष दिलेल्या. सुट्टीनंतर बघते तर जिवंत!"

"म्हणजे औषध सापडलं की!"

"स्वल्प थांब गं. अजून सगळं बशीतच आहे. पण मुद्दाम पुन्हा करून पाहिलं. पुन्हा जगल्या."

होसकोटेची बस आली.

"अहो, आपली बस," सोयराबाई म्हणाल्या.

"जाऊ दे, पुढची धरू," म्हणत हंबीरराव अक्षराकडे वळले. "बाळ, तिसऱ्यांदा कधी करणार गं?"