माणसाचा दुसरा राब

मंडळी, एवढ्या उन्हातून तुम्ही सगळे आलात. मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. म्हणून आधी घडलं तेवढं क्रमाने सांगते.

एक. शुक्रवारी दुपारी माझे चुलते, तात्या, यांनी घरामागे भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे शेण-पाला पसरलेला जमिनीचा तुकडा, भाजायला घेतला.
दोन. वारा फिरला. ठिणगी पेंढ्याच्या छपरावर गेली.
तीन. तात्यांनी काकूला बाहेर काढलं. मग तांबड्या भाताचं बी आणायला ते पुन्हा आत गेले.
चार. छप्पर खाली आलं. तात्या आणि बी, दोन्ही आतच राहिले.

माणूस चंद्रावर उतरल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हापासून तात्यांचं एकच म्हणणं होतं. माणसाने दुसऱ्या ग्रहांवरही वस्ती करावी. तुम्ही चावडीवर विचारायचात, "तात्या, चंद्रावर राब भाजायला शेण कुठनं आणणार?"

"तुज्या गोठ्यातनं, रं. तू नुसता वर चल."

आणि मग हसू थांबवून म्हणायचे, "तुमी दोन राब का करता? एकातली रोपं वाहून गेली तर दुसऱ्यातली लावता येतात म्हणून. मग माणसाचा दुसरा राब कुठं हाय?"

मी खोपोलीच्या कारखान्यात रसायनं तपासते. मला ते म्हणाले, "मंगळावर बंद घरात एका माणसाला श्वासापुरती किती झाडं लागतील, मांड गं." मी गणित मांडलं. मी म्हणाले, "तात्या, एवढं तिकडे नेता येणार नाही."

"आज नाय. पण मांडून तर ठेवलंस."

होळीला ते खोपोलीला आले. हातात पत्र्याचा डबा. "तांबड्याचं अर्धं बी हाय. तुज्याकडं ठेव. सगळं एका घरात नको." मी म्हणाले, "खोली लहान आहे, उंदीर आहेत. पुढच्या वेळी." ते डबा परत घेऊन गेले.

मंगळावरच्या हवेचं गणित मी दोनदा तपासलं होतं. डब्याला जागा केली नाही.

आता माझ्या हातात काही नाही. तुमच्या असेल. सगळ्यांनी सुधारित बी घेतलं, तांबडं भात फक्त तात्यांकडे उरलं होतं. पण मागे कुणी त्यांच्याकडून बी बदलून नेलं असेल. एखाद्या मडक्यात, माळ्यावर, मूठभर राहिलं असेल. मिळेल त्याचे मी दोन भाग करीन. एक इथे पेरू, एक माझ्या खोलीत राहील.

आपण क्षणभर शांत उभे राहू. मग घरी जाऊन बघा. येत्या गुरुवारपर्यंत मला किंवा काकूला कळवा. नसेल, तर नाही म्हणून कळवा.