अर्ध्या तासाचा लाल रंग

...नाही, पण मला आधी एक सांगा, अर्धा तास म्हणजे नक्की किती वेळ हो? कारण आमच्या मेहुण्याचा अर्धा तास सकाळी नऊला सुरू होतो आणि दुपारी तीन वाजत आले तरी संपत नाही! "भावोजी, अर्ध्या तासाचं तर काम!" फोनवर म्हणाला. स्वतः घरी गादीवर लोळत. आणि मी लगेच उठलो... उठलो कसला, बसलोच कुठे होतो? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला बसवतच नव्हतं.

का, तर चारला बायकोची ड्रायव्हिंगची टेस्ट. तिसरी! पहिल्यांदा चढावर गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा मागे घेताना खांबाला टेकली. नुसती टेकली हो, खांबाला काही झालं नाही, पण नापास! आणि इकडे तिला नोकरी लागलेली. नर्स आहे ती. घरोघरी गाडीने जाऊन पेशंट बघायचे, सोमवारी हजर व्हायचं, अट एकच, लायसन्स पाहिजे. शनिवारी टेस्ट, सोमवारी नोकरी, मध्ये दुसरी तारीख नाही. नापास झाली तर जागा दुसऱ्या कुणाला. वीस वर्षं वॉर्डात उभी राहून पाय सुजलेत तिचे, ही नोकरी तिला हवी होती, फार हवी होती. आणि ती आत शांतपणे साडीला इस्त्री करतेय! मी मात्र गॅलरीत जा, परत ये, पाणी पी, परत गॅलरीत... शेवटी तीच वैतागली. "अहो, खाली जाऊन ती गाडी तरी पुसा!"

पुसा म्हणाली. रंगवा म्हणाली नव्हती. हे मला मान्य आहे.

पण पुसायला लागतो किती वेळ? दहा मिनिटांत गाडी चकचकीत, माझे हात परत शिवशिवायला लागले, आणि नेमका तेव्हाच मेहुण्याचा फोन. "भावोजी, ताईची टेस्ट ना आज? मग कॅलिपर लाल करा की!" आता कॅलिपर म्हणजे काय, तर चाकाच्या आत एक चकती फिरते, तिला चिमट्यात धरणारा लोखंडी ठोकळा. त्याने धरलं की गाडी थांबते. बास. आजवर त्याने मला कधी रंग मागितला नव्हता. पण मेहुणा म्हणतो, "चाकातून असा लालभडक दिसला ना, की टेस्ट घेणारा साहेबसुद्धा वचकतो! अर्ध्या तासाचं तर काम!" साहेब वचकतो! म्हणजे तुम्हीच बघा, बुडत्या माणसाला काय काय पटतं. गेलो, रंग आणला, ब्रश आणला, जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं, कारण ते सावलीत होतं.

चाक काढलं. आत बघतो तर कॅलिपर नाही! एक गोल डबा. इकडून बघतो डबा, तिकडून बघतो डबा, वाकून खालून बघतो... डबाच! म्हटलं चोरीला गेला की काय? गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोन लावला. तो शांतपणे म्हणतो, "साहेब, तुमच्या गाडीला मागे कॅलिपर नसतातच. मागे ड्रम, तो डबाच ब्रेक." मी म्हटलं, "अहो, पण मी चार चाकांचा रंग आणलाय!" तर म्हणतो, "मग उरलेला खिडकीच्या गजांना लावा." आणि ठेवला फोन! तासभर गेला, ते चाक परत चढवलं, जॅक पुढे नेला. पुढच्या उजव्या चाकाचे नट, तुम्हाला सांगतो, जन्मात कुणी उघडले नसतील असे बसलेले! पान्यावर उभा राहिलो, उड्या मारल्या, शेवटी निघाले. अर्ध्या तासाचं तर काम!

आत कॅलिपर होता. होता बिचारा, नुसता गंजलेला. तारेच्या ब्रशने घासला, फडक्याने पुसला, आणि चकतीला रंग लागू नये म्हणून कागद लावायचा होता. माझ्याजवळ कागद कुठला? तळमजल्यावरचे पेन्शनर काका कट्ट्यावर पेपर ठेवून चहाला आत गेले होते... मी म्हटलं, त्यांचा वाचून झाला असेल. नव्हता झाला! मी लाल रंग फासतोय तोवर काका बाहेर आले, इकडे तिकडे बघितलं, आणि माझ्याशेजारी उकिडवे बसून चाकाच्या जागेत डोकं घालून वाचायला लागले! "थांबा हो, हाताने झाकू नका, मोरीचा पाइप तुंबल्याची बातमी अर्धी राहिलीय." अहो, मला घाम फुटलाय, दीड वाजलाय, आणि ह्यांना मोरीचा पाइप!

बरं, एक हात देऊन झाला. मग म्हटलं डब्यावर काय लिहिलंय ते तरी वाचू. आधी वाचायचं असतं, हे आता तुम्ही सांगू नका. बारीक अक्षरात लिहिलेलं... दोन हात द्या. दोन हातांच्या मध्ये अर्धा तास थांबा. आणि मग गाडी चोवीस तास हलवू नका.

चोवीस तास! म्हणजे तो अर्धा तास हा होता! मधला! मेहुण्याने कुठल्याशा व्हिडिओत तेवढाच शब्द ऐकला आणि माझ्या गळ्यात बांधला! तसाच वर धावलो, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर उचलला, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडली आणि बसलो कॅलिपर वाळवत. वरून आवाज, "अहो, माझा ड्रायर बघितलात का?" मी गाडीआड वाकलो. "अहो!" मी आणखी वाकलो. काका वर बघून म्हणतात, "वहिनी, इथे आहे, चाकाला वारा घालतायत!"

आली ना ती खाली. इस्त्रीची साडी, ओले केस. तीन चाकांवर उभी असलेली गाडी बघितली, ड्रायर बघितला, मला बघितलं. ओरडेल म्हटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! ती नुसती म्हणाली, "आजच?" एवढंच. मी ड्रायर बंद केला. वीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, एक गाडी पुसायला सांगितली होती, आणि मी तिची नोकरी जॅकवर टांगून ठेवली होती.

मी म्हटलं, "अगं, आता ब्रेक लागेल की नाही..." तिने मिस्त्रीला फोन लावला, दोन प्रश्न विचारले. तो म्हणाला, चकतीला रंग लागलेला नसला तर चालवा. चकतीला लागला होता. दोन थेंब. कागद सरकला होता, काकांनी बातमीसाठी वर उचलला होता! बाईने पर्समधून स्पिरिट काढलं, कापूस काढला, आणि इंजेक्शनच्या आधी दंड पुसतात तशी ती चकती पुसली. सावकाश, गोल गोल. मग पदर खोचला, चाक उचललं, चढवलं, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, पान्यावर पाय देऊन दाबले, वर झाकण बसवलं, मुठीने ठोकलं. मी बाजूला जॅकचं हँडल धरून उभा. "हे कधी शिकलीस?" तर म्हणते, "दोनदा नापास झाले तेव्हा." आवारात दोन फेऱ्या मारल्या, दोनदा ब्रेक दाबला, गाडी खच्चकन जागेवर! "बसा," म्हणाली.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी पोचलो. साहेबाने माझे हात बघितले, "कुणाला लागलं का?" मी म्हटलं, "कॅलिपर." तो दोन पावलं मागे सरकला. मग ती गेली साहेबाला घेऊन, आणि मी बाकावर... बाकावर कसला, बाकाभोवती! लांबून चढ दिसत होता. गाडी चढावर थांबली. थांबली. अजून थांबलेलीच... माझा श्वास पण थांबलेला. आणि निघाली हो! सुतासारखी सरळ! खांब दोन हात लांब! पास! मी रडलो, तुम्हाला खोटं कशाला सांगू, तिथेच रडलो, आणि डोळे पुसले त्याच हाताने, म्हणजे घरी गेलो तेव्हा तोंडसुद्धा लाल!

संध्याकाळी मेहुणा पेढे मागत, हसत आला. "भावोजी, दाखवा की कॅलिपर!" गेलो खाली. उजवीकडून बघतो, झाकण. वाकून बघतो, झाकण! अहो, आमच्या चाकांवर झाकणं आहेत! पहिल्या दिवसापासून आहेत, सकाळी मीच उपसून बाजूला ठेवली होती! आत काय लाल, काय हिरवं, बाहेरून कुणाला ढिम्म दिसत नाही! मेहुणा म्हणतो, "मग कशाला रंगवलात?"

म्हणजे बघा. चार रंगवायचे ठरले, दोनच निघाले, त्यातला एक रंगवून झाला, आणि तो दिसत नाही. सोमवारपासून गाडी तिच्याकडे. पेशंट खूश, ती खूश, पाय सुजत नाहीत. डावा कॅलिपर राहिलाय, पण मला आता गाडीला हात लावायची बंदी आहे, पुसायची सुद्धा. पंक्चर झालं तरी मला बोलावणार नाही, चाक तिचं तीच बदलणार. मी तिला एवढंच सांगून ठेवलंय... पुढचं उजवं असलं, तर एक फोटो तेवढा काढून पाठव.