लिफ्टपाशी हातभर जागा

आमचं मूळ देगलूरकडलं, पन ते गाव मी काय नीट बघितलं नाही. बाप जामबागच्या एका शाळेत शिपाई म्हनून लागला आन आम्ही भावंडं इथंच हैदराबादेत वाढलो. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात ते नक्को-हौ वालं हिंदी, म्हनून माझी भाषा म्हंजे तिन्हीची खिचडी हाय, ताई, तुम्ही लिवताना सुदरून घ्या, नाहीतर राहू द्या, हाय तशीच बरी. माझं नाव पद्मीन. लग्न होऊन अंबरपेठला आले ती अजून तिथंच. मालक ऑटो चालवायचे, ते लवकर गेले, पोरगी लहान होती, मंग ओळखीच्या एका सिस्टरनं मला दवाखान्यात आया म्हनून लावलं. तवापासून तोच दवाखाना. धर्मादाय हाय, गरिबाचा हाय, नाव नका लिवू.

आयाचं काम म्हनलं की लोकाला वाटतं भांडं द्यायचं, चादर बदलायची. ते तर हायच. पन माझं खरं काम ढकलायचं. तीस वरसं मी मानसं ढकलली, काय सांगू तुम्हाला, वार्डातून आपरेशनला, आपरेशनमधून वार्डात, एक्स्रेला, आन कधी कधी मागच्या दारानं खाली मुडदाघरात, तेबी मीच. कुठली फरशी उचकटलेली हाय, कुठं चाक डावीकडं वढतं, डोळे झाकून सांगेन.

जुन्या दवाखान्याला मागून एक नवीन बाजू बांधली होती, लई वरसं झाली. तिथं लिफ्ट बसवली, आन लिफ्टच्या म्होरं असं वळन की स्ट्रेचर एका दमात आत जातच नव्हता. मागं घ्या, पुढं घ्या, परत मागं घ्या. तक्रार केली तवा नकाशावाला म्हनला मी बरोबर काढलं, ठेकेदार म्हनला मी नकाशापरमानंच बांधलं. दोघं बी खरे, आन माझा स्ट्रेचर अडकलेला. कागदं इकडून तिकडं फिरली आन भिंत हाय तिथंच राहिली. एकदा एक म्हातारबा होते, छातीचं दुखनं, नाकाला आक्सिजन, त्या वळनावर मागं-पुढं करताना नळी निसटली. सिस्टरनं लगेच लावली, पन ते वाचले नाहीत. डाक्टर म्हनले, पद्मीन, ते तसेबी वाचले नसते. म्हनले असतील. मला ते पटलं नाही, आजबी पटत नाही.

मंग ह्या चार-पाच वरसांत नव्या इमारतीचं ठरलं. आमाला वाटलं पुन्हा तेच, पन ह्या टायमाला काम येगळंच. मैदानात टिनाची खोली आली, आन तिच्यात एका बाजूला कम्प्युटर घेऊन बसलेली पोरं-पोरी, दुसऱ्या बाजूला चिखलाच्या बुटाचे इंजिनिअर, मधी एकच टेबल, एकच चहाची किटली. तिथं एक पोरगी होती केतकी, पुन्याची, तारनाक्याला भाड्यानं राहायची, नकाशा काढनारी. मला मराठी बोलताना ऐकलं आन धावतच आली. तिची मराठी कशी, रेडिओवरल्यासारखी. मला म्हनली, मावशी, तुम्ही मराठी? मी म्हनलं, हौ बाई, असली-तसली.

तिनंच मला समजावलं. म्हनली, मावशी, ह्या खेपेला नकाशा काढणारे आणि बांधणारे वेगळे नाहीत. दवाखान्यानं सांगितलं, आम्हाला इतक्या खाटा हव्यात, अशी आपरेशनची खोली हवी, इतक्या दिवसांत हवी, किंमत ही. आता काढायचं आम्ही आणि बांधायचंही आम्हीच. चुकलं तर आमचंच चुकलं. मी म्हनलं, म्हंजे माप घेनारा आन शिवनारा शिंपी एकच. ती हसली, म्हनली, अगदी तसंच.

पन ताई, मला नवल कशाचं वाटलं सांगू? वरचे मजले अजून त्या पोरीच्या कम्प्युटरातच होते, पुरे काढूनबी झाले नव्हते, आन खाली मशिनी पाया खांदायल्या होत्या. मी तिला म्हनलं, अगं, घर ठरलं नाही आन पाया कसा खांदता? ती म्हनली, किती वजन पडणार, खांब कुठं येणार, तेवढं आधी पक्कं केलंय मावशी, बाकीचं वर जाता जाता. मी रोज डबा खाऊन तिथं उभी राहायची. इकडं मातीतून उगवायलंय आन तिकडं मनातून उतरायलंय, आन दोनी मधी गाठायलेत. असं म्या कधी बघितलं नव्हतं.

एक दिवस मेट्रननं बोलवलं, पद्मीन, चल, तुझं काम हाय. मी घाबरले, कायतरी चुकलं असंल. तर मैदानातल्या शेडमधी ह्या लोकांनी प्लायवूडचा दवाखाना उभा केलेला! खऱ्यायेवढाच. दार, खाट, कॉरिडॉर, लिफ्ट, सगळं प्लायवूडचं, भिंतीवर खडूनं स्विच काढलेले. केतकी म्हनली, मावशी, स्ट्रेचर नेहमीसारखा ढकलून दाखवा. मी रिकामा ढकलला. लिफ्टपाशी वळला, बरोबर आत गेला. समद्यांनी माना डोलवल्या. आन मला राहवेना. साहेब लोकं उभे, मी आया, बोलावं का नाही. पन तोंडातून निघूनच गेलं. म्हनलं, बाई, असा कधी जातो का स्ट्रेचर? याला सलाईन धरायला सिस्टर पायजे, बाजूला सिलिंडर पायजे, आन पेशंटची आई हात सोडती का कधी? तुमच्या कागदावरल्या स्ट्रेचरला मानसंच नाहीत.



त्यांचा मोठा मॅनेजर होता, तेलुगू मानूस, वाईट नव्हता, पन त्याच्या डोक्यावर ठरल्या दिवसात काम संपवायचं ओझं. तो म्हनला, लिहून दिलेल्या मापात बसतंय, दवाखाना याच्या वर मागू शकत नाही. लिफ्टच्या खड्ड्याचं लोखंड बांधून झालंय, उद्या सकाळी काँक्रीटच्या गाड्या येनार. आता सरकवायचं तर भुर्दंड आमचा, दिवस आमचे. त्याचंबी खरंच होतं. किंमत ठरलेली, वाढवून कोन देनार? मी म्हनलं झालं, आता हे बी गेलं कागदात.

तर ती केतकी, येवढीशी पोर, त्याला म्हनली, सर, तुम्ही झोपा स्ट्रेचरवर.

मंग काय वाटलं त्याला कोन जाने, हेल्मेट काढलं आन झोपला. बुटासकट. समदे हसायले, मी नाही हसले. माझ्यासाठी स्ट्रेचरवरला मानूस म्हंजे पेशंट. सिस्टर सलाईनचा स्टँड घेऊन डाव्या बाजूला, मेट्रन आई झाली, तिनं त्याचा हात धरला. मी ढकललं, नेहमीच्या पावलानं, ना हळू ना जोरात. लिफ्टपाशी वळनावर आलो आन सिस्टर भिंतीत आन स्ट्रेचरच्या दांडीत चेंगरली, स्टँड सुटला, सिलिंडर प्लायवूडला थडकला, मेट्रनला हात सोडावा लागला. मी मागं घेतलं, पुढं घेतलं, परत मागं घेतलं. स्ट्रेचरवर तो मानूस पडल्या पडल्या वर बघायलेला.

उठला. कपडे झटकले. मला हिंदीत म्हनला, अम्मा, मेरा हाथ छूट गया. बस येवढंच. मंग फोन काढला आन तेलुगूत म्हनला, रेपु काँक्रीट वद्दु. उद्या काँक्रीट नको.

त्याच दुपारी टिनाच्या खोलीत मला खुर्चीवर बसवलं. लोखंड बांधनाऱ्यांचा मुकादम, पालमूर गावाकडला, त्याला खालून बोलवलं. तो मातीच्या हातानं टेबलावर नकाशा दाबून म्हनला, समदं तोडू नका, ह्या एकाच बाजूचं सोडतो, हातभर सरकवतो. वजनाचा हिशेब करनारा इंजिनिअर म्हनला, थांबा, मला दोन दिवस द्या, खांबाला चालतं का बघतो. केतकी तिथंच रेघ सरकवायली. कोनी कोनाला पत्र लिवलं नाही. काढनारी, बांधनारा, हिशेबवाला आन ढकलनारी, चौघं एका टेबलाला. तिसऱ्या दिवशी हिशेब जमला आन मुकादमाची मानसं खड्ड्यात उतरून लोखंड सोडायली. मी कठड्याला धरून बघत होते. येवढी वरसं भिंतीनं मला वळवलं होतं, ताई. आज माझ्या बोलन्यानं भिंत सरकली.

समदंच ऐकलं असं नाही हां. आयांच्या कपडे बदलायच्या खोलीला खिडकी पायजे म्हनलं होतं, ती काय झाली नाही. केतकी म्हनली, मावशी, मी भांडले, नाही जमलं. गेलेले दिवस भरून काढायला मॅनेजरनं मानसं लई राबवली, तेबी म्या बघितलं. इमारत देवाघरची नाही, मानसांचीच हाय.

आता वरीस होत आलं चालू होऊन. माझ्या गुडघ्यानं जवाब दिला, पुढल्या उन्हाळ्यात रिटायर. नव्या पोरी भरती झाल्यात, त्या एका हातानं स्ट्रेचर आत घालतात आन दुसऱ्या हातानं फोन बघतात. त्यांना वाटतं लिफ्ट अशीच असती. असू दे. त्यांना कामून सांगावं?

परवा केतकीचा फोन आला. दुसऱ्या गावाला गेली आता, शाळेचं काम हाय, तसंच, काढायचं बी आन बांधायचं बी. म्हनली, मावशी, लहान मुलांना हात धुवायला नळ किती उंच ठेवू? मी म्हनलं, लेकी, मला नको इचारू, तिथं झाडझुड करनारी एखादी बाई असंल, तिला इचार, आन तिला खुर्ची दे बसायला. ती म्हनली, हो मावशी, आणि चहापण. देव तिचं भलं करो, तिच्या हातून लई घरं होवोत. तुमचा चहा गार झाला की, ताई. थांबा, दुसरा ठेवते.