नजर वीतभर खाली

भाची : मामा, या जोडलेल्या फोटोत तू मामीच्या डोळ्यांत बघतच नाहीयेस. गळ्यातल्या माळेकडे बघतोयस. लोकांना वाटेल, आता ही ओढून पळतोय.

मामा : तू भिंतीवर चिकटपट्टी लावलीस, तिथेच बघत होतो की मी!

भाची : पट्टी तू सांगितलीस तिथे लावली. म्हणालास, "ती माझ्या खांद्याला लागते." मामी तुझ्यासोबत उभी राहायला तयार नाही, म्हणून दोघांचे वेगवेगळे फोटो काढले. आता ते जोडले, तर ती तुझ्यापेक्षा चार बोटं उंच!

मामा : तुझा कॉम्प्युटर बिघडलाय.

भाची : दोघंही याच दारासमोर उभे होतात. दार काही वाढलेलं नाही.

मामा : मग मला वाढव जरासा. कुणाच्या बापाला कळणार नाही.

भाची : तुला वाढवलं की हातातली गिटारही वाढते. हे बघ.

मामा : अरे देवा! गिटारच मला कडेवर घेऊन निघालीय. होतं तसं कर बाई. पण आमच्या अल्बमच्या जुन्या कव्हरवर ती खांद्यालाच लागते ना?

भाची : ते छापताना खालून कापलं होतं. हा पूर्ण फोटो. पायांकडे बघ.

मामा : खोका!

भाची : स्पीकरचा. तू वर चढलायस, आणि मामी सपाट चपलांत. शिवाय गुडघ्यात वाकलीय.

मामा : स्टेजवरही असायचा गं तो. माझ्याच हट्टाने. आणि कमाल बघ, खोका साफ विसरलो, उंची तेवढी लक्षात राहिली! असला शहाणा नवरा सोडून ती गेली, यात नवल ते काय?

भाची : पुरे आता. तुझी बुबुळं वर सरकवते, पाच मिनिटांचं काम. मामीने कव्हर पसंत केलं तरच अल्बम पुन्हा निघणार आहे.

मामा : अल्बमचं काय घेऊन बसलीस! त्या निमित्ताने ती एकदा तरी माझ्याबरोबर गाईल, म्हणून हा सगळा खटाटोप. पण काय गं, तिची नजर कशी नेमकी माझ्या डोळ्यांत? तिची पट्टी कुणी सांगितली?

भाची : कुणीच नाही. मी लावायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. मला माहितीये तो कुठवर येतो."

मामा : असं म्हणाली?

भाची : हो. मामा? पाणी देऊ?

मामा : नको. बुबुळांना हात लावू नकोस. फोन लाव तिला.

(फोन स्पीकरवर.)

मामी : झालं का कव्हर?

मामा : नाही. माझ्यामुळे अडलंय. तू माझ्या खांद्याला लागतेस, असं सांगितलं मी पोरीला.

मामी : अजून तेच?

मामा : अजून तेच. वयाबरोबर केस गेले, गाढवपणा तेवढा टिकला. तू समोर येऊन उभी राहशील का?

मामी : एका फोटोत यायचं नाही, हे ठरलंय आपलं.

मामा : फोटोत नको येऊस. कॅमेऱ्याशेजारी उभी राहा. मला एकदा नीट वर बघायचंय तुझ्याकडे.

मामी : उद्या येते. पण मला हसवायचं नाही.