अच्युतरावांनी न सोडलेलं अवजार

मंडळी, नामस्मरण झालं, आता जरा मन इकडे द्या. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्या गोष्टीवर आपण हयात घालवली, तिचे दिवस संपले — हे आपल्याला कळत नाही का हो? कळतं! चांगलं कळतं! मग सोडवत का नाही? तिच्यावर जीव असतो म्हणून? की ती गेली तर आपल्याला कोण विचारणार, या भीतीने?

ऐका तर. तळकोकणातलं एक तालुक्याचं गाव. तिथे एक रक्तपेढी. आणि त्या पेढीचे संगणक सांभाळणारे अच्युतराव सामंत. सरळ माणूस! सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही — पेटीवाले, तुम्ही का हसताय?

आता संगणकाला काही आपली मराठी कळत नाही. त्याला हुकूम द्यायचे तर ते लिहायला संगणकातलंच एक अवजार लागतं. अच्युतरावांनी तरुणपणी असंच एक अवजार शिकून पेढीसाठी प्रोग्राम लिहिला. कुठली पिशवी कुठल्या गटाची, रक्त देणारा कोण, राहतो कुठे — नाव दाबा की समोर हजर! कागदाच्या वह्या बंद झाल्या. लोक म्हणाले, वा सामंत!

बावीस वर्षं गेली. आणि ज्या कंपनीने ते अवजार बनवलं होतं, तिने जाहीर केलं — आम्ही हे बंद केलं! यापुढे दुरुस्ती नाही, नव्या यंत्रावर ते चालणार नाही.

पेढीत नीलांबरी परब नावाची मुलगी नव्याने लागली होती. हुशार, आणि बोलायला मऊ. ती म्हणाली, "काका, आपण हे नव्याने लिहू या. सहा महिने माझ्याजवळ बसा. आत काय कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक."

"चालतंय ना? मग झालं!"

"आज चालतंय, काका. यंत्र गेलं तर?"

"जुनी यंत्रं मी आणून ठेवलीत. मी आहे ना अजून!"

मी आहे ना! मंडळी, किती गोड वाटतात हे शब्द बोलणाऱ्याला! तिने वर्षभराने पुन्हा विचारलं. अच्युतराव रागावले. "माझं काम मोडीत काढायला आलीस का?" त्यानंतर ती गप्प झाली. आणि खरं सांगू? त्यांना ठाऊक होतं, पोरगी बरोबर बोलतेय. घरी बायकोजवळ, कुमुदिनीबाईंजवळ, ते एकदा म्हणालेही, "ते नवं मला या वयात जमायचं नाही गं." ही लाज होती! आतून पोखरणारी, कुणाला न दाखवलेली लाज!

आणि एके सकाळी देवपूजा करताना ते कोसळले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, वाचा गेली. समोरचं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटेना.

दीड महिन्याने पेढीतलं जुनं यंत्र जळालं. राखून ठेवलेली दुसरी यंत्रं काढली, तर दमट हवेने एकही सुरू होईना. माहितीच्या नकला होत्या! पण त्या उघडायच्या कशाने? नव्या संगणकाने त्यांना ओळखच दिली नाही.

त्याच आठवड्यात गावातल्या दाजी धुरीची बायको शेवंती बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. तपासलं तर तिचा गट हजारांत एखाद्याचा — दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त तिला चालणार नाही. कोल्हापूरला विचारलं, नाही. गोव्यात विचारलं, नाही. मुंबईत मिळालं, गाडी निघाली. पण मुंबई काय जवळ आहे?

नीलांबरी धावत अच्युतरावांच्या घरी गेली. "काका! त्या गटाचा आपल्याकडे कुणी होता ना? नाव आठवतंय?"

अच्युतरावांचे डोळे मोठे झाले. ओठ थरथरले. "बा... बा..."

कुमुदिनीबाई म्हणाल्या, "वडिलांना हाक मारतायत. आजारपणात असंच करतात."

"बा... बा..." डाव्या हाताने चादर ओढली, नीलांबरीने पुढे केलेल्या पाटीवर रेघोट्या मारल्या. अक्षर उमटेना! नीलांबरी अर्धा तास बसली आणि रडत परत गेली.

दुपारी चारला शेवंती गेली. गाडी पोचली संध्याकाळी.

चार दिवसांनी बेळगावहून कुणीतरी एक जुनं यंत्र आणलं. यादी उघडली. त्या गटाचा एकच माणूस — बाबल नाईक. शिंपी. एस.टी. स्टँडच्या मागे दुकान. पेढीपासून चालत दहा मिनिटं! तो त्या दिवशी दुकानात शर्टाला काजं करत बसला होता, हो!

तेराव्यानंतर दाजी अच्युतरावांकडे आला. भांडायला नाही. खाली बसला आणि विचारलं, "काकानू, तुमका बाबलाचा नाव म्हायत होता?"

मंडळी, मान हलवून नाही म्हटलं असतं, तर कोण तपासणार होतं? ज्याला वाचाच नाही, त्याला कोण दोष देणार? कुमुदिनीबाई तर खुणावत होत्या, नाही म्हणा!

अच्युतरावांनी दाजीकडे बघितलं. आणि मान खाली आणून हो म्हटलं.

दाजी उठला, पायरीवरच्या वहाणा हातात घेतल्या, आणि तसाच अनवाणी निघून गेला.

झाली गोष्ट. अवजार जुनं होतं, हा अपराध नव्हे. जुनी अवजारं मीही वापरतो. पण त्याचा काळ संपला हे कळूनही त्यांनी आपली विद्या दुसऱ्याच्या हाती दिली नाही. आपली गरज उरावी म्हणून धरून ठेवली. शिक्षा कुणाला झाली? शेवंतीला! त्या नुकत्या जन्मलेल्या पोरीला!

आणि आपण? "माझ्यावाचून यांचं पान हलत नाही" असं हसत हसत सांगता ना घरी, कचेरीत? तुम्ही, मागचे काका — आणि ताई, तुम्हीसुद्धा! मीही सांगतो. असं काय आहे, जे फक्त तुम्हालाच येतं? कुणाला शिकवलंत? कुणी शिकायला आलं, तर त्याला हाकललंत की नाही, आठवून बघा! उद्या सकाळी त्या माणसाला बोलवा, समोर बसवा, आणि बोलायला लागा. जीभ अजून वळतेय तोवर.