हातभर पाणी

आमच्या पिचकारीची पहिली तक्रार कसली होती, सांगू? जुनी खेळणी जमवणाऱ्यांसाठी आम्ही रबाळ्यात ती लहानपणीची पिवळी पिस्तूल-पिचकारी पुन्हा बनवली. फक्त आतली स्प्रिंग नवी, दमदार टाकली. जुईनगरचे कांबळेकाका दुसऱ्याच दिवशी ती परत घेऊन आले.

"बिघडलीय."

मी पाणी भरून चाप ओढला. धार थेट समोरच्या भिंतीवर. "काका, जुनीपेक्षा कितीतरी लांब उडतेय."

"तेच तर. जुनीचं पाणी हातभर जायचं. आमच्या हिला भिजवायचं तर अगदी जवळ जावं लागायचं."

"मग आता काकूंना लांबूनच भिजवा की," मी घाईघाईत बोललो.

काका पिचकारी पुसत म्हणाले, "तुझी काकू असती तर पिचकारी शोधत आलो असतो का रे?"