राखणदाराचं वळण

सांगू नको म्हणून बजावलं होतं मला, ताई, आईनेही आणि स्वप्नीलदादानेही, पण आज तुम्ही माझी सायकल घेऊन चाललात म्हणून सांगते – जरा इकडे वळा ना, तोंड अंगणाकडे नको, मी सीट वर करतेय असंच दिसू दे. पाय टेकतात? बरं. तर त्या रस्त्यावर ट्रक परत सुरू झालेत. हो, जाहिरातीत ‘वाहनमुक्त’ लिहिलंय, माहीत आहे मला, दादाच्या सायकल-सहलींच्या त्या जाहिरातीतल्या शुद्धलेखनाच्या चुका मीच काढल्या होत्या, पण तेव्हा ते खरं होतं. खाण बंद, म्हणून खाणीचा रस्ता रिकामा. गावातली सगळी मुलं त्याच रस्त्यावर सायकल शिकली, मीसुद्धा, पडलं तर लाल खडी गुडघ्यात घुसते एवढंच. बायका तिथे भात सुकत घालायच्या. काल सुलोचनाकाकीने चटया गुंडाळून घरी आणल्या. मी विचारलं, का गं काकी, तर म्हणाली, “ट्रक येवंक लागले गो बाय, माझ्या भाताचे फोव करून जातले!” फोव म्हणजे पोहे. हसत म्हणाली, ती सगळंच हसत म्हणते. मला नाही आलं हसू. दादा म्हणतो, ट्रक दुपारी सुटतात, तोवर आपली माणसं खाली उतरतात, उगाच पाहुण्यांना घाबरवू नको. पण काल सकाळीच, मी शाळेच्या बसमध्ये होते, जनेलातून बघितला मी – भरलेला, वर ताडपत्री, वरून खाली येत होता.

काय म्हणालात? ट्रक ऐकू येईलच की? हो, तुम्हाला येईल.

नाही, तसं काही नाही. तुम्हाला येईल म्हणजे सगळ्यांनाच येईल, एवढा मोठा ट्रक. थांबा, हा नट जरा घट्ट करते. सकाळी तुम्ही भाजी-पाव खाताना सांगत होतात ना, इटलीत डोंगरांतून पांढऱ्या खडीचे रस्ते आहेत, दोन्हीकडे द्राक्षांचे मळे आणि दिवसभरात एक गाडी भेटत नाही – मी तिथेच उभी होते चहाचा ट्रे धरून. विचारायचं होतं, पण मला चार माणसांत बोलायला जमत नाही. ते रस्ते सायकलींसाठीच मोकळे ठेवलेत, की तिथेही काहीतरी बंद पडलं म्हणून मोकळे झाले? आमचा तसा मोकळा झाला. बाबा त्याच रस्त्यावर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली तेव्हा ट्रक विकला आणि बाबा सोप्यावर बसून राहिले – दाराशी ती बसायची जागा आहे ना, तिथे – कुणाशी बोलायचे नाहीत, जेवायला हाक मारली तर उठायचे. मग दादा आला, म्हणाला, काका, तुम्हाला प्रत्येक वळण पाठ, तुम्ही पाहुण्यांच्या पुढे सायकल चालवा. बाबा आधी म्हणाले, “ह्या वयार सायकल? लोक हांसतले मरे.” पण पहिल्या दिवशी परत आले ना, ताई, ते शीळ घालत आले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली.

हा भोंगा? सगळे हसतात त्याला. एवढ्या गियरच्या सायकलीला पोदेराचा भोंगा! तुमच्याकडे पोदेर येत नसेल – आमच्याकडे सकाळी पाव घेऊन सायकलवरून येतो, हा रबर दाबत, पों पों, सगळा वाडा जागा होतो. जुना होता त्याचा, मी मागून घेतला. गंमत म्हणून नाही. त्याचं असं आहे – रस्ता चढत जातो तिथे एक आंधळं वळण आहे, मोठ्या सातविणीखाली राखणदाराची घुमटी आहे. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. ट्रकवाल्यांचा तिथला नियम असा, की वरून भरलेला येणारा हॉर्न देतो आणि थांबत नाही, एवढ्या वजनाने उतारावर थांबता येतच नाही. खालून रिकामा जाणारा उत्तराचा हॉर्न देतो आणि कडेला थांबतो. उत्तर आलं नाही, तर वरचा समजतो की खाली कुणी नाही, आणि तसाच येतो. सायकलला कुठे हॉर्न असतो? म्हणून हा.

बाबा आजही तिथे थांबतात. हात जोडतात, मान एका बाजूला करून ऐकतात, ट्रक चालवताना ऐकायचे तसंच, आणि मग “चला” म्हणून हात करतात. पाहुणे फोटो काढतात, काय भक्ती म्हणून. बाबांना वाटतं रस्ता मोकळा आहे, ताई. त्यांच्या कानांत तो रोजच मोकळा असतो.

गेलं तोंडातून. आता गेलंच.

त्यांना ऐकू येत नाही. थोडंसं येतं, जवळून, ओठ दिसले तर – म्हणून तुम्हाला म्हटलं इकडे वळा, त्यांना लांबूनही ओठ बरोबर कळतात. मला पावामुळे समजलं. बाबा सोप्यावर बसले होते, पोदेर पों पों करत समोरून गेला, बाबा कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत होते, आणि मग मला विचारतात, “आज पोदेर येवंक ना गो?” आईला आधीपासून माहीत होतं. कानाला यंत्र लावू म्हणाली, तर बाबा भडकले, “माका केप्पो म्हणतंस?” केप्पो म्हणजे बहिरा. दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून घरात कुणी विषय काढत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग जाते, दुसरी, कायम दुसरी. वळणावर ऐकते. तेव्हा ट्रक नव्हते, दुधाची गाडी नाहीतर एखादी जीप यायची, मी भोंगा दाबायची आणि पुढे होऊन डावीकडे घ्यायची, की बाबाही माझ्यामागे डावीकडे घेतात. ओरडतात, पुढे जाऊ नको म्हणून, पण घेतात. तुमच्या सायकलचं गियर विमानात वाकलं आणि आज बाबा म्हणाले, तुझी दे पाहुणीला, तू अभ्यास कर. दुसरी सायकल नाही आमच्याकडे. दादा गाडी घेऊन साखळी गावाच्या बाजूने येणार, तोही बरोबर नाही.

नको, दादाला सांगू नका! पाया पडते. सांगितलं तर बाबा परत त्या सोप्यावर बसतील, आणि नाही सांगितलं तर – तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच सांगा मी काय करू. रात्रभर हेच. खोटं वाटतंय का तुम्हाला? थांबा, बाबांची पाठ आहे इकडे, भोंगा दाबते –

बघितलंत? सगळे वळले. कुत्रासुद्धा उठला. आणि बाबा टायरच दाबून बघतायत.

आता वळले. “गौरवी! सायकल जाली काय गो?” – झाली, बाबा! आले! – “गौरवी! आयकतंस मगो?” – आले म्हटलं ना! हां, मी हात वर केला तेव्हा कळलं त्यांना. ताई, पटकन, तुम्ही दुसऱ्या राहाल ना? कुणालाही मध्ये घुसू देऊ नका. घुमटीपाशी बाकीचे फोटो काढतील, तुम्ही काढू नका, भोंग्यावर हात ठेवा, आणि वरून हॉर्न आला की बाबांकडे बघत बसू नका, आधी भोंगा, आणि लगेच त्यांच्या पुढे होऊन तुम्ही डावी – आले, बाबा, आले, आणतेय – ताई, डावीकडे, आणि ते ओरडले तरी तुम्ही